पुन्हा पंधरा दिवसांनी : दंतवैद्याकडील मुखकर्करोग तपासणी

दादरा आणि नगर हवेलीतील नरोली हे गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे. पश्चिम रेल्वेवरील भिलाड स्थानकाकडून येणारा रस्ता नरोलीवरून जातो आणि दमणगंगेचा पूल ओलांडून सिल्वासा येथे पोहोचतो. जुलै १९५४ मध्ये पोर्तुगीज अंमलातून मुक्त झालेले हे गाव त्या काळी प्रामुख्याने शेतीवर जगत होते. पुढे करसवलतींच्या आधारे या प्रदेशात कारखानदारी वाढली आणि २०११ च्या जनगणनेत नरोलीची गणना नगरांत झाली. वारली, कोकणा, धोडिया या स्थानिक समाजांच्या शेजारी आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा या राज्यांतून आलेली कामगार कुटुंबे राहतात. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातून, विशेषतः तलासरीच्या बाजूने, कामासाठी सीमेपलीकडे जाणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. नरोलीसारख्या गावाच्या आरोग्याचा विचार म्हणूनच महाराष्ट्राच्या आरोग्य यंत्रणेलाही करावा लागतो.

माणूस गाव सोडतो तेव्हा सवयी गावी ठेवून येत नाही. उत्तरेकडील कामगाराची खैनी, सौराष्ट्राकडचा मावा, महाराष्ट्रातील तंबाखू-चुना आणि मशेरी, सर्वत्र आढळणारी विडी आणि पुडीतील गुटखा अशा तंबाखूच्या नाना तऱ्हा सीमेवरील गावांत एकत्र येतात. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, दादरा आणि नगर हवेलीत ती नाही. तंबाखू आणि दारू ही दोन्ही व्यसने एकाच व्यक्तीस असली म्हणजे तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

२०१६-१७ मध्ये झालेल्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू धुराची नसून तोंडात धरण्याची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व मुखपोकळी यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार रुग्ण दगावले. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत या रोगाचा क्रमांक पहिला आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी की, हा रोग शरीराच्या आत कोठे दडून बसत नाही. पोटातील वा फुप्फुसातील गाठ शोधावयाची तर यंत्रे लागतात. तोंडातील विकृती पाहावयास चांगला उजेड, एक लहान आरसा आणि पाहणाऱ्याची सराईत नजर एवढे पुरते. असे असूनही आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण रोग बळावल्यावर, मानेतील गाठी सुजल्यावर वा गालास छिद्र पडण्याची वेळ आल्यावर रुग्णालयात दाखल होतात. त्या अवस्थेत जबड्याचा वा जिभेचा भाग काढून टाकावा लागतो, किरणोपचार घ्यावे लागतात, आणि एवढे सोसूनही जीव वाचेल याची शाश्वती राहत नाही. हीच विकृती बोटाच्या पेराएवढी असताना हाती लागली तर लहानशा शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्ण बरे होतात व पूर्ववत बोलू, जेवू शकतात.

न दुखणारा चट्टा

विलंबाचे मुख्य कारण अज्ञान हे नव्हे. प्रारंभी हा रोग दुखत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय. किडलेली दाढ रात्रभर झोपू देत नाही, मग माणूस सकाळी उठून दंतवैद्य शोधतो. गालाच्या आतील पांढरा चट्टा मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने असतो. त्याची जाणीव झालीच तर जिभेला थोडा खडबडीतपणा लागतो, आणि मावा खाणाऱ्यास त्याचीही सवय होऊन जाते.

तोंडाच्या आतील अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. निरोगी स्थितीत ती गुलाबी, ओलसर व मऊ असते. तंबाखूच्या सततच्या संपर्काने तिच्यावर पांढरा, कापसाने पुसून न निघणारा थर येतो, त्यास ल्यूकोप्लाकिया असे म्हणतात. सर्वच पांढऱ्या चट्ट्यांचा कर्करोग होत नाही, बहुतेकांचा होत नाही, आणि व्यसन सुटल्यावर काही चट्टे आपोआप नाहीसेही होतात. परंतु कोणता चट्टा पुढे बिघडेल हे नुसत्या पाहण्याने ओळखता येत नाही, म्हणून त्या सर्वांवरच लक्ष ठेवावे लागते. लाल, मखमलीसारखा दिसणारा चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा. पांढरा आणि लाल रंग एकत्र मिसळलेला ठिपकेदार चट्टाही तसाच. तो रुग्णाच्या दृष्टीस सहसा पडत नाही, कारण तो लहान असतो आणि गुलाबी अस्तरात लाल रंग लपून जातो.

तिसरी अवस्था सुपारीची. सुपारी चघळणाऱ्यांच्या तोंडात तिखट खाताच आग होऊ लागते, पुढे गालाच्या आत ताठर दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. या विकाराचे वर्णन मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. आज तो सबम्यूकस फायब्रोसिस या नावाने जगभर ओळखला जातो. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ५ जणांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. सुपारी ही स्वतःच, तंबाखू न मिसळताही, कर्करोगकारक आहे असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ असे समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

आपले तोंड पुरेसे उघडते किंवा नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये शिरतात का, ते पाहावे. दोनच बोटे शिरत असतील तर दाढ दुखो वा न दुखो, दंतवैद्यास तोंड दाखवावे.

‘कोठे ठेवता?’ हा प्रश्न

तोंडात रोग कोठे उद्‌भवेल हे बऱ्याच अंशी व्यसनाची तऱ्हा ठरविते. खैनी वा मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आतील खोबणीत ठेवली जाते, म्हणून तेथील त्वचा सुरकुतते व पांढरी पडते. मावा व गुटखा गालात राहतो, चट्टाही गालात येतो. विडी ओढणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यांच्या आत दोन्ही बाजूंना पांढरे डाग आढळतात. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम भागात चुट्टा पेटता भाग तोंडात धरून ओढण्याची प्रथा आहे. ती विशेषतः स्त्रियांत आढळते आणि तेथे कर्करोग टाळूवर होतो. देशाच्या इतर भागांत टाळूचा कर्करोग तुलनेने विरळा आहे.

हे ज्ञान मुख्यत्वे मुंबईतून आलेले आहे, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागात डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कचे डॉ. जेन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने १९६० च्या दशकात घरोघर जाऊन तोंडे तपासण्याचे काम हाती घेतले. गुजरातमधील भावनगर, केरळमधील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि तत्कालीन बिहारमधील दरभंगा व सिंगभूम या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील खेडोपाडी अशाच रीतीने १ लाख १ हजार ७६१ लोकांची तोंडे पाहण्यात आली. तो अहवाल १९७२ चा. मुंबईच्या पोलीस दलातील कर्मचाऱ्यांच्या चट्ट्यांचा दहा वर्षे मागोवा घेणारा लेखही त्याच वर्षी निघाला. या सर्व पाहण्यांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर आली : तोंडाचा कर्करोग व त्याआधीचे चट्टे हे जवळजवळ केवळ तंबाखू सेवन करणाऱ्यांतच आढळतात.

या कामाची पद्धत आजही मनन करण्याजोगी आहे. खेड्यातील माणूस दंतवैद्याकडे येत नाही हे ओळखून दंतवैद्यच त्याच्या अंगणात गेले. दुखणाऱ्या दाताची वाट त्यांनी पाहिली नाही. पुढे याच गटाने एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांची दरवर्षी तोंडे तपासली आणि प्रत्येकास समक्ष सल्ला दिला. व्यसन सोडणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे वाढले आणि नवे चट्टे उद्‌भवण्याचे प्रमाण घटले, असे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी नोंदविले.

दंतवैद्याने विचारावयाच्या प्रश्नांत ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न अपुरा आहे. मशेरी लावणारी स्त्री या प्रश्नास प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देईल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड ती खात नाही, दातांना घासते. तिच्या दृष्टीने ते दंतमंजन होय. गुजरातच्या बाजूकडील स्त्रिया हिरड्यांना जी तपकीर चोळतात तिचीही गोष्ट तीच. ‘सकाळी दातांना काय लावता?’ आणि ‘लावून किती वेळ ठेवता?’ असे विचारले म्हणजे खरे उत्तर मिळते. पुरुषांना ‘कोणत्या बाजूस ठेवता?’ असे विचारावे. त्या एका प्रश्नाने कोठे अधिक बारकाईने पाहावयाचे हे तपासणीपूर्वीच कळते.

खुर्चीतील पाच मिनिटे

एखाद्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या पंचेचाळिशीतील कामगाराची कल्पना करावी. त्याचे घर तलासरी तालुक्यात, मुक्काम नरोलीत. खालची उजवी दाढ दुखते म्हणून पाळी संपवून तो दंतवैद्याकडे आलेला आहे.

“मावा कोणत्या बाजूला ठेवता, भाऊ?” दंतवैद्य विचारतात.

“डावीकडं. उजवी दाढ दुखते ना, डॉक्टर, म्हणून आता डावीकडंच ठेवतो.”

या उत्तरात पुष्कळ काही आलेले आहे. दुखणे एका बाजूस आणि धोका दुसऱ्या बाजूस! केवळ दाढेपुरते पाहणारा दंतवैद्य उजवीकडे पाहील, दाढ काढील वा भरील, आणि रुग्ण समाधानाने घरी जाईल.

संपूर्ण तपासणीस पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. प्रथम चेहरा व मान पाहून जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंस गाठ लागते का, हे बोटांनी चाचपतात. कवळी असल्यास ती काढावयास सांगतात. ओठ बाहेरून व उलटून आतून पाहतात. मग आरशाने गाल बाजूस सारून प्रथम एका व नंतर दुसऱ्या गालाचे अस्तर, ओठांच्या कोपऱ्यापासून शेवटच्या दाढेमागील जागेपर्यंत, पाहतात. त्यानंतर हिरड्या. जीभ बाहेर काढावयास सांगून तिचे टोक जाळीच्या कापडाने धरतात व हलकेच एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढून तिच्या कडा शेवटपर्यंत तपासतात. जिभेच्या कडा व तिच्याखालची जागा येथे रोग उद्‌भवण्याचा संभव मोठा, आणि घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटणाऱ्या जागाही याच. शेवटी टाळू व घशाची कमान. जेथे शंका येईल तेथे बोट फिरवून पाहतात, कारण कर्करोगाचा कडकपणा पुष्कळदा डोळ्यांआधी बोटाला कळतो.

आणखी काही चिन्हे दंतवैद्याच्याच अधिकारात येतात. हिरड्यांचा आजार नसता एकच दात अकारण हलू लागणे, दात काढल्यावर त्याची खाच कित्येक आठवडे भरून न येणे, नेहमी नीट बसणारी कवळी अचानक टोचू लागणे, खालच्या ओठास बधिरता येणे या तक्रारी घेऊन रुग्ण दंतवैद्याकडेच येतो, अन्य डॉक्टरकडे जात नाही. हलणारा दात काढून मोकळे होणे सोपे असते. तो का हलला हे विचारणारा दंतवैद्य मात्र एखादा जीव वाचवू शकतो.

आपल्या कामगाराच्या डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. समोरच एका तुटलेल्या दाताची धारदार कड गालास घासते आहे. हा चट्टा त्या घासण्याचा की माव्याचा? अशा वेळी दंतशास्त्राने घालून दिलेला नियम साधा आहे. धार घासून गुळगुळीत करावी, मावा बंद करावयास सांगावे, चट्ट्याचे आकारमान व जागा नोंदवून ठेवावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. घासण्याने झालेली जखम असेल तर ती तेवढ्या काळात भरून येते किंवा लक्षणीय कमी होते. तशीच राहिली तर तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

अवघड भाग

“पंधरा दिवसांनी पुन्हा या.” साऱ्या तपासणीचे यश या एका वाक्यावर उभे आहे, आणि नेमके तेच वाक्य हवेत विरून जाते. दाढेचे दुखणे थांबलेले असते. दाढेने रुग्णास खुर्चीपर्यंत आणले होते. न दुखणारा चट्टा त्यास पुन्हा कसा आणणार? दुसऱ्यांदा यावयाचे म्हणजे पाळी बुडते, रोज बुडतो. शिवाय पंधरा दिवसांत गावी लग्न निघते, भातलावणी येते, ठेकेदार बदलतो, मुक्काम हलतो.

ही अडचण कल्पनेतील नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायतींच्या क्षेत्रांत तोंडाच्या पूर्वतपासणीची मोठी चाचणी घेण्यात आली. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ३५ वर्षे व त्यावरील लोकांची तोंडे घरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिली. उरलेल्या पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटातील ९६,५१७ पात्र व्यक्तींपैकी ८७,६५५ व्यक्तींची, म्हणजे ९१ टक्के लोकांची, एकदा तरी तपासणी झाली. घरी आलेल्या कार्यकर्त्यास तोंड दाखविण्यास लोकांनी फारशी खळखळ केली नाही, असा याचा अर्थ. त्यांपैकी ५,१४५ जणांच्या तोंडात संशयास्पद काही आढळले व त्यांना पुढील तपासणीसाठी पाठविण्यात आले. त्यांतील ३,२१८ जण गेले. उरलेले १,९२७ जण गेले नाहीत.

या १,९२७ जणांना आपल्या तोंडात काही आहे हे सांगितलेले होते. ते घरी राहिले. संशोधनाच्या शिस्तीत, पाठपुरावा असतानाही दर आठांपैकी तिघे गळाले, तर एरवीच्या दवाखान्यात किती गळत असतील याचा विचार करावा.

एवढी गळती होऊनही चाचणीचे फळ मोलाचे ठरले. तंबाखू वा दारू, किंवा दोन्हींचे सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसनी व निर्व्यसनी अशा सर्वांना एकत्र धरले असता मात्र दोन गटांतील फरक निर्णायक म्हणता येण्याइतका नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीनेही कोणतीही तक्रार नसलेल्या सरसकट सर्व प्रौढांच्या तपासणीची शिफारस करण्यास पुरेसा पुरावा नाही, असे मत दिले. तपासणी सर्वांचीच केली तर बिघडत काही नाही, परंतु मनुष्यबळ व वेळ मर्यादित असताना तो प्रथम तंबाखू, सुपारी आणि दारू यांच्या आहारी गेलेल्यांवर खर्च करावा, हे त्यातून निघणारे शहाणपण आहे. तिरुवनंतपुरमच्या चाचणीचा पंधरा वर्षांचा आढावा २०१३ मध्ये आला. तपासणीच्या चारही फेऱ्यांना न चुकता हजर राहिलेल्या व्यसनी व्यक्तींत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ८१ टक्क्यांनी कमी आढळले. नियमाने येणारी माणसे एरवीही प्रकृतीस अधिक जपणारी असतात, हे लक्षात घेऊन त्या आकड्यातून थोडी सूट वजा करावी. तरीही पुन्हा येण्याचे मोल त्यातून दिसतेच.

मग पुन्हा येणे घडवावे कसे? दंतवैद्याच्या हाती येथे एक साधन आहे, जे घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याजवळ नाही. ते म्हणजे खुद्द दात. दाढ भरावयाची असेल तर प्रथम तात्पुरते औषध भरून पक्के भरण्यासाठी पंधरा दिवसांनी बोलवावे. कीट काढावयाचे असेल तर एक बाजू आज, दुसरी पुढील वेळी करावी. रुग्णास चट्ट्यासाठी बोलाविले तर तो येईलच असे नाही, दातासाठी बोलाविले तर येण्याचा संभव पुष्कळ अधिक. अर्थात चट्ट्याची गोष्ट त्याच्यापासून लपवावयाची नाही. हातात आरसा देऊन त्याचा चट्टा त्यास प्रत्यक्ष दाखवावा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू माणूस सहजासहजी विसरत नाही. भेटीचा दिवस त्याच्या साप्ताहिक सुटीचा निवडावा, त्याचा आणि गावाकडील एखाद्या नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक वहीत नोंदवावा, आणि सोळाव्या दिवशी तो आला नाही तर एक फोन करावा. या कामास ना यंत्र लागते ना अनुदान, एक रेघांची वही पुरते.

शासकीय पातळीवर ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी असांसर्गिक आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन जो तक्ता भरते त्यात तंबाखूविषयी प्रश्न असतो, आणि मुखतपासणी पाच वर्षांतून एकदा करावी असे मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. रोज मावा खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत पाच वर्षांचे अंतर मोठे वाटते. त्याने वर्षातून एकदा दंतवैद्यास संपूर्ण तोंड दाखविणे इष्ट होय. मधल्या काळात महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ उलटून, गाल ताणून, जीभ वर उचलून स्वतःच पाहता येते. तोंडातील कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिची वाट पाहत बसू नये.

तुकडा काढण्याची भीती

पंधरा दिवसांनी आलेला रुग्णही पुढच्या पायरीवर अडखळतो. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ अशी समजूत शहरांतही आढळते, सुशिक्षितांतही आढळते. ती निराधार आहे. रोग पसरतो तो तुकडा न काढता घालविलेल्या महिन्यांत. पुष्कळ रुग्ण तुकडा काढावयास मुळातच उशिरा तयार होतात. तोवर रोग पुढे गेलेला असतो आणि दोष मात्र तुकड्यावर येतो, अशी ही समजूत रूढ झाली असावी. प्रत्यक्षात जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका घालतात, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. निळा रंग लावून चट्टे उठून दिसतील असे पाहण्याची किंवा विशिष्ट प्रकाशात तोंड पाहण्याची साधने आज उपलब्ध आहेत. तुकडा नेमका कोठून घ्यावा हे ठरविण्यास त्यांचा उपयोग होतो. निदान मात्र सूक्ष्मदर्शकच करतो.

तिरुवनंतपुरमच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहिले तर धीर येण्यासारखीही एक गोष्ट दिसते. संशयित ५,१४५ होते आणि त्या संपूर्ण गटात आढळलेले कर्करुग्ण २०५. बोलावणे आले म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. बहुतेकांना मिळणारा निरोप व्यसन सोडा आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा एवढाच असतो. हा निरोप ऐकण्याच्या क्षणी व्यसन सोडण्याची तयारी जितकी असते तितकी एरवी क्वचितच असते. दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे उघडण्याचे धोरण २०१८ मध्ये स्वीकारण्यात आले त्यामागे हाही विचार आहे.

नरोलीच्या रुग्णास पुढील तपासणीसाठी सिल्वासा येथील श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय जवळचे आहे. तेथे २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही जोडले गेले आहे. तलासरीकडे परत जाणाऱ्यास पालघर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत दाखविता येईल. कर्करोगाचे निदान पक्के झाल्यावर मुंबईस परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात जावयाचे तर भिलाडहून पश्चिम रेल्वेचा मार्ग आहे. हे रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आले आहे. जेथे जावयाचे तेथे सूक्ष्मदर्शक तपासणीचा अहवाल, शक्य झाल्यास तिची काचपट्टी, पूर्वीची औषधे आणि ओळखपत्र बरोबर घ्यावे. दंतवैद्याने पहिल्या दिवशी चट्ट्याची जागा, लांबी-रुंदी व तारीख लिहून दिलेली चिठ्ठी असेल तर तीही न्यावी. चट्टा त्यानंतर किती वाढला, हे तेथील डॉक्टरांना त्या चिठ्ठीवरूनच कळते.